गाडी सोडायची नाही

दोहा, कतार
शुक्रवार, १५ मार्च १९६३

प्रिय साजिदा,

अस्सलामु अलैकुम. तू आणि घरची सगळी माणसं बरी असाल, असं समजून लिहायला बसले आहे. आम्ही दोघं इथे आहोत.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला त्यात टपालाचा काही दोष नाही. मीच कागद घ्यायची आणि परत ठेवून द्यायची. आज तुझे भाऊजी जुम्माच्या नमाजेला गेले आहेत. तिथून ते गॅरेजवर जातील, म्हणजे असरच्या नमाजेपर्यंत खोलीत मी एकटीच. आज लिहिलं नाही तर पुन्हा लिहिणार नाही, अशी भीती वाटली.

इथली थंडी सरली. वारा मात्र सुरू आहे, दुपारी दार उघडं ठेवता येत नाही. ईदला मी काही केलं नाही. शेजारच्या रबियाने शीरखुर्म्याचा वाडगा पाठवला, तो तुझ्या भाऊजींनी तोंडाला लावला नाही. मी तो तिसऱ्या घरी देऊन टाकला आणि रिकामा वाडगा परत करू नये म्हणून त्यात साखर घालून पाठवली. असली कामं हात आपोआप करतात.

जाफर गेल्यापासून तुझी इद्दत चालू आहे. उंबरठ्याच्या आत बसून तू काय काय ऐकत असशील ते मला कळतं. भेटायला येणाऱ्या बायका तोंडावर एक बोलतात आणि मागीलदारी दुसरं. आपला गाव मला ठाऊक आहे.

शेवटी शेवटी जाफर विलायतेतून आम्हाला काय लिहायचा, असं तू विचारलंस. बहुतेक बर्फाबद्दलच लिहायचा. त्याची पावाची गाडी रात्रभर बेकरीच्या आवारात उघड्यावर असायची आणि सकाळी काचेवर भाकरीएवढा जाड थर. पहिल्याच दिवशी त्याने किटलीभर गरम पाणी ओतलं आणि काचेला आडवी चीर गेली. मालक इंग्रजीत बराच वेळ बोलला. जाफरने लिहिलं होतं, 'भाभी, मला त्यातले चारच शब्द कळले आणि चारही वाईट होते.' मग तो स्वयंपाकाचं उलथणं घेऊन काच खरवडायला लागला. कुलूप गोठलं की काडी पेटवून किल्ली गरम करायची. एकदा पुढची दोन्ही दारं चिकटून बसली, तर मागून शिरून पावांच्या फळ्यांवरून रांगत पुढे गेला. त्याच्याबरोबर राहणारा मजीद त्याला म्हणाला, "मालकाला सांग, पावांबरोबर ड्रायव्हरलाही भट्टीत ठेव."

पुढे त्याने युक्ती काढली. रात्री काचेवर गोणपाट टाकून ते वायपरखाली दाबून ठेवायचं आणि सकाळी ओढलं की थर गोणपाटाबरोबर निघून यायचा. ही युक्ती इथली, विलायतेला जायच्या आधी आमच्याकडे असताना शिकलेली. उम्म सईदच्या बंदरावर रात्रीचं दंव आणि खारी वाळू काचेवर बसून तिचा लगदा होतो, म्हणून तुझे भाऊजी सगळ्या ड्रायव्हरांना गोणपाट टाकायला लावतात. पत्रातला तेवढा भाग त्यांनी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला होता. म्हणाले, शिकवलेलं विसरला नाही.

त्यांना अक्षरओळख नाही हे तुला माहीत आहे. सही करायला मी शिकवलं, तेवढंच. या घरात येणारं प्रत्येक पत्र माझ्या तोंडून त्यांच्यापर्यंत जातं. हे आधी सांगून ठेवते.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते.

तू लिहिलंस की विलायतेतल्या कुणीतरी गावात कळवलं, जाफरने गाडीच्या सगळ्या फटी कापडाने बुजवल्या होत्या आणि इंजिन चालू ठेवलं होतं. तिथल्या कोर्टानेही स्वतः केलं की चुकून झालं, ते सांगता येत नाही असं म्हटलं. जीव देणाऱ्याची नमाज कशी पढायची, म्हणून मशिदीतल्या खतीबसाहेबांनी थांबायला सांगितलं. आपल्याकडे परदेशात वारलेल्या प्रत्येकाची, मयत समोर नसली तरी, गायबाना नमाज होते. समुद्रात बुडालेल्या खलाशांचीसुद्धा होते. जाफरची अजून झाली नाही. आणि तू त्याला डिसेंबरात रागाने लिहिलं होतंस, की यायचं नसेल तर तसं सांगा, मी वाट बघणं सोडते. त्या पत्रामुळे त्याने जीव दिला का, असं तू मला विचारलंस.

नाही. साजिदा, नाही.

तुझं ते पत्र त्याला मिळालं होतं. त्याने मला लिहिलं, साजिदा रागावली आहे, तिला उन्हाळ्यात येतो म्हणून कळवलं आहे, तुम्हीही दोन शब्द घाला. मी घातले नाहीत. म्हटलं, नवराबायकोचं त्यांचं ते बघतील. माझ्याकडून एवढं राहिलं. पण हे मी तुझं मन राखायला लिहीत नाही. त्या फटी त्याने का बुजवल्या ते मला माहीत आहे. जाफर गेल्याचं मजीदचं पत्र वाचतानाच, त्याच ओळीवर, मला कळलं होतं.

तू हा मुलूख पाहिलेला नाहीस, म्हणून नीट सांगते. इथे शमाल नावाचा वारा सुटतो. वाळू अशी उठते की ड्रायव्हरला स्वतःच्या गाडीचं तोंड दिसत नाही. रस्ता म्हणजे चाकांच्या खुणाच, त्या पुसून जातात. जाफर इथे यायच्या आधी एक ड्रायव्हर अशा वाऱ्यात गाडी सोडून चालत निघाला होता. वारा पडल्यावर तो सापडला, गाडीपासून हाकेच्या अंतरावर. त्याला उचलून आणणाऱ्यांत तुझे भाऊजी होते. तेव्हापासून त्यांच्या हाताखाली जो येईल त्याला ते पहिल्या दिवशी गिअर दाखवत नाहीत, हे शिकवतात. गाडीची पाठ वाऱ्याकडे करायची. काचा वर घ्यायच्या. अंगावरचं कापड फाडून दारांच्या फटीत कोंबायचं. इंजिन बंद करायचं नाही, कारण एकदा वाळू आत गेली की ते पुन्हा सुरू होत नाही. आणि बसून राहायचं. "गाडी सोडली तो मेला," असं ते म्हणतात आणि समोरच्याकडून तीनदा म्हणवून घेतात. जाफरकडून तर त्यांनी ते रोज म्हणवून घेतलं असेल. सख्खा भाऊ ना.

आता मजीदने लिहिलं आहे ते वाच. रमजानचे पहिले दिवस होते आणि जाफरला रोजा होता. डोंगरावरच्या वस्त्यांना पाव पोचवून तो परत येत असताना बर्फाचं वादळ सुटलं. दुसऱ्या दिवशी लोकांनी फावड्यांनी उकरून गाडी काढली. तिची पाठ वाऱ्याकडे होती. काचा वर होत्या. पाव झाकायची फडकी फाडून, घड्या करून दारांच्या फटीत नीट बसवलेली होती. इंजिन पेट्रोल संपेपर्यंत चाललं होतं. खालची धुराची नळी बर्फात गाडली गेली होती, त्यामुळे धूर बाहेर न जाता आत आला. त्या धुराने माणसाला झोप लागते म्हणतात. पोलिसांनी मजीदला विचारलं, हा माणूस दुःखी होता का? मजीद म्हणाला, गेले काही दिवस गप्प होता. तेवढंच त्यांनी उचललं. तिथेही जनाज्याला काही लोक उभे राहिले नाहीत.

वाळू उडून जाते, साजिदा. एका जागी टिकत नाही, नळी बुजवत नाही. बर्फ बसून राहतो. हे इथे कुणाला माहीत असणार?

जीव वाचवायला त्याला जे शिकवलं होतं तेच जाफरने केलं, सगळंच्या सगळं. हे ओळखणारं तिथे कुणी नव्हतं, म्हणून त्यांना ते दुसरं काहीतरी वाटलं.

मजीदचं पत्र मी तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं तेव्हा त्या ओळींवर आले आणि न थांबता त्या गाळल्या. त्या जागी मी म्हटलं, थंडीने गेला, झोपेतच. त्यांनी ते मानलं. तेव्हापासून ते एकच बोलतात, की मी त्याला सगळं शिकवलं, थंडीचं तेवढं शिकवलं नाही, थंडीचं मला काय माहीत? गॅरेजमधला इलियास समजूत घालायला येतो, त्यालाही हेच सांगतात. मी चहा ठेवायला उठते.

एवढं त्यांना सोसवेल, पुढचं सोसवणार नाही, असं मला वाटलं. म्हणून गप्प राहिले. मग तुझं पत्र आलं. तुझं पत्रही मी त्यांना अर्धंच वाचून दाखवलं. नमाजेचा भाग गाळला. इथे मी नवऱ्याला जपत होते आणि तिथे तू स्वतःला खुनी समजत होतीस, आणि जाफर नमाजेवाचून पडला होता.

हे पत्र तुझ्या हाती आलं की ते खतीबसाहेबांना दाखवावंच लागेल, नाहीतर लिहून उपयोग नाही. त्यांनी वाचलं की गावाला कळेल, आणि गावाला कळलं की बोटीतून उतरणारा पहिला माणूस ते तुझ्या भाऊजींना सांगेल. परक्याच्या तोंडून त्यांनी हे ऐकू नये. म्हणून पाकीट बंद करायच्या आधी हे सगळं मी त्यांना वाचून दाखवणार आहे. ते आले.

*

शनिवार सकाळ.

वाचून दाखवलं, पहिल्या ओळीपासून. मध्ये एकदा मी पाणी प्यायले आणि पुन्हा वाचलं.  ते भिंतीला टेकून बसले होते, टोपी डोक्यावर तशीच.

संपल्यावर त्यांनी विचारलं, "फडकी चारही बाजूंना होती?"

मी म्हटलं, "हो. मजीदने तसंच लिहिलंय."

"वाऱ्याकडे पाठ होती?"

"होती."

मग म्हणाले, "म्हणजे त्याने सगळं बरोबर केलं."

 इतके दिवस का लपवलंस, असं त्यांनी विचारलं नाही. ते विचारतील म्हणून मी उत्तर तयार करून बसले होते, ते माझ्यापाशीच राहिलं. नंतर उठले, हातपाय धुऊन वजू केला आणि नमाजेला उभे राहिले. कपाळ टेकून सज्द्यात गेले ते इतका वेळ उठलेच नाहीत की मी जवळ जाऊन श्वास बघितला.

आज सकाळी कामावर गेले नाहीत. इलियास दाराशी आला तेव्हा त्याला म्हणाले, नवीन पोरांना आज तूच शिकव. इलियासने विचारलं, वाऱ्याचं पण? ते आत येऊन बसले.

मग मला कागद घ्यायला सांगितला. म्हणाले, बाईमाणसाच्या पत्रावर जमात विश्वास ठेवणार नाही, माझ्या नावाने लिही. ते बोलले तसं खाली उतरवलं आहे. मी एक शब्द घातला नाही, एक गाळला नाही.

'मी, उस्मान, जाफरचा थोरला भाऊ, अल्लाला साक्षी ठेवून सांगतो. गाडीच्या फटी बुजवायला आणि इंजिन चालू ठेवायला माझ्या भावाला मी शिकवलं. इथल्या वाऱ्यात त्याने माणूस वाचतो. तो मला मानत होता म्हणून त्याने तसं केलं. तो मरायला बसला नव्हता, वारा पडायची वाट बघत होता. याचा जो काही जाब असेल तो माझ्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. त्याच्या बायकोला कुणी बोलू नये. येत्या जुम्माला हे मशिदीत सर्वांसमोर वाचावं आणि माझ्या भावाची नमाज पढावी.'

खालची सही त्यांची आहे. वाकडी आहे, पण दाखवायची वेळ आली तर ती ओळखणारी माणसं गावात आहेत.

साजिदा, हा कागद वेगळा काढून खतीबसाहेबांकडे पाठव. बाकीचं पत्र तुझ्यापाशी ठेव, फाडलंस तरी चालेल. भाऊजींना माफ केलं असं घाईने लिहू नकोस. मनात नसताना लिहिलंस तर मला वाचून दाखवावं लागेल, आणि ते माझ्या आवाजावरून ओळखतील. आता त्यांच्यापुढे मी काही गाळून वाचू शकणार नाही.

नमाज झाली की मात्र कळव. तेवढी एकच ओळ आली तरी पुरे. त्या ओळीची वाट बघत असलेली,

तुझी थोरली जाऊ
ताहेरुन्निसा