मालाम्काच्या वाट्याचे मीठ

लिहून ठेवणार स्तामेना योव्चेवा, वय वर्षे ब्याऐंशी, धंदा किराणा दुकान, राहणार गोर्ना ब्रेझा, रोदोपी डोंगर, बल्गेरिया. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत. कोणाच्याही दबावाला बळी न पडता, राजीखुशीने लिहिते ते येणेप्रमाणे:

१. राहते घर माझ्या भावाची मुलगी वेलिच्का हिला. छप्पर गळते, ते तिचे तिने पाहावे.

२. दुकान वेलिच्काची मुलगी रालित्सा हिला. अट एकच. साधे, आयोडीनचे पांढरे मीठ गल्ल्याजवळ, हाताशी ठेवावे. वेलिच्काने आणलेले गुलाबी मीठ मेणबत्त्यांशेजारी शोभेला ठेवले तरी चालेल. त्याच्या एका पुड्याच्या पैशात साध्याचे दहा येतात. मला म्हणते, "आत्या, हे जिवंत मीठ आहे. तुझ्या मिठात रसायन घातलंय." मी म्हटले, "अगं, जिवंत असतं तर असं डब्यात कोंडलं असतंस का बिचाऱ्याला?"

३. कोबी मुरवायची दोन लाकडी पिंपे शाळेच्या स्वयंपाकघराला. गावात आयोडीनचे मीठ आले तेव्हा लोकांनी ते ताटात घेतले, पण पिंपात जुनेच करडे, बिनआयोडीनचे मीठ घालत राहिले. आयोडीनने म्हणे कोबी लिबलिबीत होतो. आणि हिवाळाभर आम्ही खातो काय, तर पिंपातला कोबीच! मग मी एका पिंपात हे आणि दुसऱ्यात ते मीठ घातले आणि संत निकोलसच्या सणाला न सांगता सगळ्यांना दोन्ही वाढले. शेजारचा पेन्यो छातीठोकपणे म्हणाला, "हा तुझा आयोडीनवाला. नुसता चिखल झालाय." तो करड्या मिठाचा निघाला. पुढच्या शरदात सगळ्या गावाने मीठ माझ्याकडून नेले. पिंपांवर पेन्योचा अजून डोळा आहे. साक्षीदाराला वारसा मिळत नाही असे नोटरीबाई म्हणाल्या, म्हणून मी त्याला मुद्दाम साक्षीला बसवले आहे.

४. बँकेतली शिल्लक खालच्या गावच्या दवाखान्यातल्या परिचारिकेच्या गाडीच्या पेट्रोलसाठी. ती वर येते म्हणून गरोदर बायांची तपासणी होते. गंडेदोरेवाल्यांना यातले काही देऊ नये.

५. स्वयंपाकघरातल्या फळीवरचा मिठाचा न फोडलेला पुडा रालित्साला. तिला पाचवा महिना आहे आणि आईच्या धाकाने ती फक्त गुलाबी मीठ खाते. म्हणून इथे माझ्या धाकट्या बहिणीचे लिहिते. मालाम्का जन्मतः बहिरी होती. कधी बोलली नाही, समजही लहान पोराचीच राहिली. आमच्याकडे नवजात बाळाला मीठ चोळतात. गाव म्हणायचे, आईने मीठ चोळताना हात आखडला, म्हणून पोर अशी झाली. वडिलांनी वितळलेले शिसे पाण्यात ओतून भीती काढणाऱ्या बाईला खेचर दिले. खेचर गेले, पोरीला ऐकू काही आले नाही. पुढे शहरातून डॉक्टर आले. त्यांनी साऱ्या बायकांचे गळे तपासले, घरोघरी गलगंड पाहिला आणि सांगितले की इथल्या मातीत आयोडीन नाही. पोटातल्या बाळाचे कान आणि मेंदू घडताना ते आईच्या अन्नातून मिळावे लागते. तोवर आमची आई गेली होती. मालाम्काही गेली. मला तिची रोज आठवण येते.

या कलमाला अट नाही. घर-दुकान दाखवून पोटुशीला मीठ खायला लावणारी मी नव्हे. पण रालित्सा, मला भीती वाटते गं. दवाखान्यात विचार, आईला नको. बाळाला मीठ चोळायचे तर चोळा, म्हाताऱ्या ऐकणार नाहीत. पण हे मीठ तू खा. जास्त नको, रोजच्या जेवणात नेहमीएवढेच.

६. आईच्या थडग्यावर नावाखाली एक ओळ कोरून घ्यावी: "हिने मीठ पुरेसे चोळले होते."

सहीपूर्वीची दुरुस्ती: मसुदा वाचून दाखवताना रालित्सा दारात उभी होती. पाचवे कलम ऐकून म्हणाली, "आजी, पुड्यासाठी तू मरायची वाट बघत बसू का मी?" सबब त्या कलमातला पुडा वारशातून वगळला आहे. तो ती आजच घेऊन गेली.

सही: स्तामेना योव्चेवा
साक्षीदार: पेन्यो कारामितेव (पिंपांबाबत हरकत नोंदवून)
साक्षीदार: दोन्का स्ताइकोवा, टपालवाली
मुक्काम गोर्ना ब्रेझा, दिनांक ९ ऑक्टोबर २०१९