डाव्या चाकाचा आवाज

५ ऑक्टोबर १९६१, गुरुवार
परत तोच आवाज. इथल्या लालबागेजवळ खड्डा लागला आणि माझ्या पायाखाली टक्क. पुढच्या खड्ड्याला टक् टक्क. बेबी मांडीवर. एका हातानं तिला धरलं, दुसऱ्यानं दार.
ह्यांना म्हटलं, अहो, चाकात काहीतरी वाजतंय. म्हणाले, लढाईच्या आधीची गाडी आहे, बोलणारच. तुला स्टोव्हचीसुद्धा भीती वाटते.
वाटते. पहिला राहिला नाही तेव्हापासून मी ऐकतच असते. बेबीचा श्वास, दूध उतू जाताना येतो तो आवाज, जिन्यावरची पावलं. सवयच लागली.

८ ऑक्टो., रविवार
सकाळपासून हे गाडीखाली. गोणपाट घालून उताणे. ह्यांच्या कारखान्यातले फोरमनसाहेब ऑस्ट्रेलियाला जाताना ही गाडी ह्यांना देऊन गेले, तेव्हापासून रविवार असाच. सगळीकडे ग्रीस भरलं, दिसतील ते नट आवळले. मला मडगार्ड दाबून सोडायला लावलं. दाबलं की टक्क. मी म्हटलं, हे बघा, आलं. खालून काही उत्तर नाही. मग बाहेर येऊन विचारतात, आलं का?
आत्ताच तर म्हटलं.
कुठं, म्हणून माझ्या तोंडाकडं बघत बसले. हल्ली असंच बघतात. शेजारच्या बाई जिन्यात होत्या, मला लाजल्यासारखं झालं.

११ ऑक्टो., बुधवार
संध्याकाळी कलासीपाळ्यात मुनियप्पाच्या गॅरेजला. मी म्हटलं मी कशाला, गॅरेजात बायका येतात का? हे म्हणाले, आवाज तुला येतो ना, मग तूच चल.
मुनियप्पा मोठ्या मिशांचा, तोंडात पान. गाडीत मागं बसून एक फेरी मारली. पहिल्याच खड्ड्याला माझ्याकडं बघून मान हलवली. हेही हो हो म्हणाले.
त्यानं धक्के खाणाऱ्या दांडीचं रबर बदललं. परत येताना आवाज होताच. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, मला तर फरक वाटतो.

१५ ऑक्टो., रविवार
सापडलं एकदाचं. मुनियप्पा खाली पहार घेऊन एकेक जागा हलवत होता, मी वर माझ्या जागेवर बसून, बेबी मांडीवर. त्यानं हलवायचं, मी सांगायचं. नाही. नाही. हेही नाही. मग एकदम पायाखाली टक्क. मी ओरडलेच, हेच.
पाट्यांची कमान ज्या पिनेवर लोंबते ती पिन झिजून बारीक झालेली. काढून हातावर ठेवली तर मधे खाल्ल्यासारखी. मुनियप्पा म्हणाला, अक्का, तुमचे कान भाड्यानं द्या मला. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.
हे हसले नाहीत. पिन हातात घेऊन अंगठ्यानं चाचपत राहिले.
नवी पिन मंगळवारी.

१७ ऑक्टो., मंगळवार
उद्या खंडेनवमी, इकडं आयुधपूजा म्हणतात. गॅरेजात गडबड. पाने, हातोडे सगळं धुऊन पुसून देवाच्या फोटोपुढं मांडलेलं, हळदकुंकू लागलेलं. पिन अंधार पडता पडता आली. मुनियप्पानं बसवली.
मी बाहेर बाकावर होते. शेजारी कुणीतरी पत्रा ठोकत होतं. हे बॉनेट पुसत होते, पाठमोरे. मुनियप्पा हात पुसत मागनं त्यांना बराच वेळ काहीतरी कानडीत सांगत होता. हे तसेच पुसत म्हणाले, सरी, सरी, म्हणजे बरं, बरं.
गाडीत विचारलं, काय सांगत होता एवढं? म्हणाले, काही नाही, सणाचं बोलत होता.
आवाज नाही. घरापर्यंत एकदाही नाही. देवापुढं साखर ठेवली.

१८ ऑक्टो., खंडेनवमी
गाडी धुतली. झेंडूची माळ, चाकाखाली लिंबं, कोहळा फोडला. ह्यांची हत्यारं, माझी विळी, कात्री, सगळं पाटावर मांडून पूजा. आज काही उचलायचं नाही. भाजी मोडून घेतली हातानं.
बेबी आता बाबा म्हणते. दुपारभर म्हणत होती. हे तिच्याकडं पाठ करून फुलं ओवत होते. मी म्हटलं, अहो, हाक मारतेय. तेव्हा वळले.

२० ऑक्टो., शुक्रवार
काल लिहायला हात चालला नाही.
दसऱ्याचं सोनं द्यायला आनेकलला वन्संकडं निघालो होतो. नवी साडी, बन्नीची, म्हणजे शमीची, पानं पदरात बांधलेली. गाव मागं पडलं आणि पायाखाली बारीक किणकिण. पहिल्यासारखं नाही, नाणं ताटात फिरावं तसं. म्हटलं, अहो, वाजतंय. हे समोर बघत वन्संच्या पुरणपोळीचं बोलत होते. परत म्हटलं. मग टक्क नाही, धाड धाड. मी ओरडले, थांबवा. हे बोलतच होते. हात धरून ओढला तेव्हा माझं तोंड बघितलं आणि ब्रेक दाबला.
गाडी माझ्या बाजूला बसली. फरफटत चिंचेच्या झाडाशी जाऊन थांबली. बेबीचं कपाळ समोर आपटलं. रडली म्हणून बरं वाटलं. न रडणारं मूल मी बघितलंय.
शेतातली माणसं धावली, पाणी दिलं. पिनेचा नट कुठं पडला तो सापडला नाही.
झाडाखाली बसल्यावर समोर जाऊन विचारलं. खरं सांगा. तुम्हाला आवाज येतच नव्हता ना? पहिल्यापासून?
गवत उपटत बसले. मग म्हणाले, कारखान्यात आमच्या शॉपमधे तो मोठा हॅमर दिवसभर पडतो, कुसुम. घरी आलो की कानात नुसती शिट्टी. पुरुष मोठ्यानं बोलले की कळतं, समोर असले तर. बाकी तोंडावरनं.
आणि ही? म्हणून मी बेबीकडं बोट केलं.
म्हणाले, तोंड हललेलं दिसतं. आवाज कसा आहे गं तिचा?
मला सांगता येईना. कसा सांगायचा? बारीक आहे म्हटलं.
बसनं परत आलो. सोनं पदरात तसंच.

२१ ऑक्टो., शनिवार
मुनियप्पा लॉरी घेऊन गेला, गाडी ओढून आणली. फार चिडला होता. त्या दिवशी हत्यारं पूजेत ठेवली होती, एकदा कुंकू लागल्यावर पाना उचलायचा कसा, म्हणून शेवटचा नट त्यानं नुसता हातानं फिरवला होता. तेच मागनं सांगत होता. हळू घरी न्या, पूजा करा, कुठं जाऊ नका, सण झाला की आणा, आवळून देतो.
ह्यांच्याकडं बघून म्हणाला, मी सांगितलं, तुम्ही सरी म्हणालात. तीन जीव होते आत. ऐकू येत नाही का तुम्हाला?
 दुसरे गाडीवाले उभे होते, त्यात ह्यांच्या कारखान्यातला एक.
मी पुढं झाले. मोडकी कानडी. म्हटलं, त्यांनी मला सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. सण आहे, जायचंच, म्हणून हट्ट केला.
मुनियप्पा थुंकला. म्हणाला, बायकोचं ऐकलं की चाक निखळतं. बाकीचे हसले. हसू देत.
हे माझ्या तोंडाकडं बघत होते. सगळं वाचलं असणार.

२९ ऑक्टो., रविवार
गाडी आली. बेबीच्या कपाळावरची सूज उतरली, निळं राहिलंय.
सकाळी हे परत खाली. मी मडगार्ड दाबत होते. आज मला विचारलं नाही. कमानीच्या पाट्यांवर तळहात ठेवून पडले होते. डावीकडं काही नाही, म्हणाले. मग उजवीकडं सरकले, हात ठेवला. इथं आहे, स्वल्प. मी कान दिला. होतं खरंच, अगदी बारीक. मला ऐकू यायच्या आधी त्यांच्या हाताला लागलं.
चहा घेताना म्हणाले, शॉपमधल्या सगळ्यांचे कान बघणार आहेत. पाठमोरं उभं करतात, डॉक्टर मागनं हळू आकडे बोलतो, आपण तेच परत म्हणायचं. ज्याला येणार नाही त्याला कमी करतील असं बोलतात. मग हे क्वार्टरही जाईल.
आणि आले आकडे बरोबर तर?
तर काय. परत हॅमरवर.
उरलंय तेवढं तरी राहील का तिथं?
कप खाली ठेवला. म्हणाले, रोज थोडं थोडं जातं.

२ नोव्हें., गुरुवार
मला काही सुचत नाही. कमी केलं तर कुठं जायचं? गावी तर घरही नाही. ठेवलं तर मी रोज पाठवायचं त्याच हॅमरपुढं, डबा भरून. देवाला नक्की काय मागायचं?
बेबीला उचलून तिच्या पाठीवर ह्यांचा हात ठेवला. ती बाबा बाबा चाललेलीच. हे डोळे मिटून बसले. बेबी झोपली तरी हात काढला नाही.

५ नोव्हें., रविवार
उद्या तपासणी. दिवाळी तोंडावर, अजून भाजणी नाही केली.
दुपारी म्हणाले, सराव करू. भिंतीकडं तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. मी मागं, बेबी कडेवर.
मी म्हटलं, बारा. काही नाही. स्वल्प मोठ्यानं, बारा. म्हणाले, बारा. खूश झाले. त्याहून हळू म्हटलं, सत्तावीस. थांबले. म्हणाले, सतरा? 
परत बोल, म्हणाले. डॉक्टर बोलतो तसं हळू.
त्यांच्या शर्टाच्या पाठीवर ठिणग्यांची भोकं आहेत. मी रफू केलेली. ती बघत हळूच म्हटलं, नका हो जाऊ परत तिथं.
ह्यांनी भिंतीकडं तोंड ठेवूनच मान तिरकी केली. मग म्हणाले, बेचाळीस.
आणि वळून, बरोबर का, म्हणून माझ्या तोंडाकडं बघायला लागले.