कॉम-थ्री कुठे गेला

९ ऑक्टोबर २००८, दसरा
वडप्याच्या वजनकाट्यावर यंत्रपूजा झाली. इन्चार्ज मी. कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी काढून पाटावर मांडल्या, हळदकुंकू लावलं, परत जोडल्या. कुठली कुठे होती ते लिहून ठेवलं नाही. डोक्यात आहे.

१० ऑक्टोबर, सकाळी ९
काट्यावर ट्रक, स्क्रीनवर शून्य. सॉफ्टवेअर काट्याला कॉम-थ्रीवर शोधतंय, काटा दुसऱ्याच पोर्टवर. मामुली बाब. ड्रायव्हर म्हणाला, चाचा, सिमेंट भरा है, हवा नहीं.

दुपारी १२
एकापासून नंबर टाकत गेलो. पाचला वजन आलं! काट्याच्या वायरीवर ‘कॉम-५’ अशी चिठ्ठी चिकटवली. कायमचा निकाल.

दुपारी ४
वायरी नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून सॉकेटं बदलली. वजन गेलं. चिठ्ठी अजून पाचच म्हणते. चिठ्ठी बरोबर आहे, कॉम्प्युटर चुकतोय.

संध्याकाळी ६
दाजी आले. काटा त्यांचा, मी मेहुणा. तरी हमालांसमोर म्हणाले, दौलत, जमत न्हाय तं सांग. उद्या सांजपर्यंत चालला न्हाय तं तुझ्या खुर्चीवर पूर्वी बसंल.
पूर्वी म्हणजे त्यांची मुलगी. बीकॉमला आहे. हसू आलं.

११ ऑक्टोबर, दुपारी ३
ट्रकांची रांग हायवेला लागली. यूएसबीच्या वायरी दोन, दिसायला जुळ्या: एक काट्याची, एक बाहेरच्या आकड्यांच्या बोर्डाची. चिठ्ठी घामाने सुटली, त्यामुळे कुठली कुठली हे तूर्त गोपनीय. पूर्वी म्हणाली, मामा, एक वायर काढून बघू? म्हणालो, हात लावू नको, सिस्टीम नाजूक आहे.

संध्याकाळी ५
चहाला गेलो, तेवढ्यात तिने हात लावलाच. वायर चाचपत काट्यापर्यंत गेली. मग डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे कॉम्प्युटरला काय काय जोडलंय त्याची यादी, उघडून तीच वायर उपटली. यादीतली एक ओळ गायब. परत खोचली, ओळ परत: कॉम-८. तोच नंबर सॉफ्टवेअरला दिला. वजन आलं. दोन मिनिटं. नवी चिठ्ठी तिने सॉकेटजवळ लावली; म्हणे नंबर वायरीचा नाही, सॉकेटचा. चिठ्ठीची मूळ कल्पना माझी.
दाजींनी खुर्चीवरची माझी गादी घरी ताईकडे पाठवली.

१३ ऑक्टोबर, सोमवार
गेटवर बदली. तिथे अनुभवी माणूस हवाच होता. शिट्टी मिळाली. पहिल्याच फुंकरीत वाजली, एक अख्खा ट्रेलर थांबवला. ड्रायव्हर ट्रेलरखालून म्हणाला, चाचा, सुबह से पंक्चर खडा हूँ.