तात्यांचे घर आणि नालछ्याचे बाफले

धार, सोमवार, ता. ११ नोव्हेंबर १९०७

सकाळी देवासहून दत्तोपंतांचे कार्ड. तात्या परवा गेले. काकू तीन वर्षांपूर्वीच गेल्या, मूलबाळ नाही. मृत्युपत्रही नाही, असे शेवटी बारीक अक्षरात. दत्तोपंत आमचे भाऊबंद, तात्यांचे शेजारी. अक्षर बारीक का, ते मी ओळखले.

फार वाईट वाटले. स्नान केले. तात्यांचे टेकडीखालचे घर, मागे पेरूची बाग, अंगणात विहीर.

हिने डोळे पुसले आणि विचारले, विहिरीला पाणी बारमाही का. शेजारच्या विहिरीवर घागर घेऊन ताटकळण्यात हिची बावीस वर्षे गेली. विचारणारच.

गुरुवार, ता. १४

सुतक. पूर्ण दहा दिवस धरणार. सात पिढ्यांच्या आतल्या भाऊबंदाला दहा दिवस. वारसाही आधी त्याचा. आठव्या पिढीला तीनच दिवस, आणि वारसा सात पिढ्यांत कोणी नसेल तर. पाठशाळेत हेच शिकवतो.

ओसरीवर लोकांना दिसेन असा बसतो. शेजारचे भैयासाहेब दारावरून विचारून गेले, की काय हो शास्त्रीबुवा, काकू गेल्या तेव्हा तर चौथ्याच दिवशी तुम्ही नालछ्याला यजमानांकडे दाल आणि तुपात बुडवलेले कणकेचे बाफले झोडत होतात ना? म्हटले, तेव्हाचा प्रश्न निराळा होता. कसा, ते त्यांनी विचारले. ते मात्र आठवेना. ‘होगा भिया’ म्हणून चालते झाले. माणूस खवचट.

शुक्रवार, ता. २२. दुपारी तीन

वंशावळ काढून बसलो. दत्तोपंत सातवे, मी आठवा, अशी आजवर समजूत. बारकाईने पाहता आमच्या शाखेत विनायक, गोविंद, पुन्हा विनायक, पुन्हा गोविंद. उघड आहे, नकलणाऱ्याला डुलकी लागली! जादा विनायक आणि जादा गोविंद काढून टाकले. मी सहावा ठरलो.

दत्तोपंतांच्या शाखेतही महादेव दोनदा आहे. तिथे मात्र दोन महादेव होऊन गेले असावेत.

ही म्हणाली, नातवाला आजोबांचे नाव ठेवतातच की, आपण नाही का ठेवले? हिला पाठभेदाचे शास्त्र ठाऊक नाही.

सोमवार, ता. २ डिसेंबर

पाठशाळेचा राजीनामा दिला; आता देवासलाच राहायचे. हेडमास्तर म्हणाले, वारशाचा निकाल तर लागू द्या. म्हटले, निकाल शास्त्रात लागलेलाच आहे, कोर्टाने फक्त वाचून दाखवायचा. हिला अजून सांगितलेले नाही. योग्य वेळी सांगेन.

देवास, सोमवार, ता. १६

टांग्याने दोन दिवस. कंबर गेली. या गावात रस्त्याच्या एका बाजूला थोरल्या पातीचे राज्य, दुसऱ्या बाजूला धाकटीचे. घर थोरलीत, अर्ज तिथेच केला. यशवंतराव वकिलांनी खोदखोदून विचारले, नात्याबद्दल कुठे जुना कागद, पत्र, काही? म्हटले, चिटोराही नाही. सोच लो शास्त्रीजी, म्हणाले. विचार करण्यासारखे काही नव्हते.

दत्तोपंत वाटेत भेटले. घरी नेऊन दूध पाजले. खुंटीला जुन्या पत्रांचा भला थोरला गठ्ठा दोऱ्याने बांधून टांगलेला. म्हणाले, आलेले पत्र टाकवत नाही हो. घराबद्दल चकार शब्द नाही. बिचारे खचलेले दिसतात.

परत येताना विहिरीत डोकावलो. पाणी आहे. हिला तेवढे कळवले.

देवास, सोमवार, ता. २० जानेवारी १९०८

दत्तोपंतांच्या वकिलाने कोर्टात एक पत्र काढले. अक्षर लांबूनच ओळखीचे वाटले. वळणदार, टपोरे. माझेच.

काकू गेल्या तेव्हा मी दत्तोपंतांना लिहिले होते: ‘आम्ही आठव्या पिढीचे, सबब आम्हांस तीनच दिवस. आपण सातवे, आपणांस दहा. शंका नसावी.’ खाली आधाराला चार श्लोक, आणि त्याखाली पुन्हा, ‘वंशावळ स्वतः तीनदा ताडून पाहिली आहे.’ नालछ्याचे आमंत्रण चौथ्या दिवसाचे होते, हे पत्रात नाही.

शिरस्तेदार मोठ्याने वाचत होता. दुसऱ्या श्लोकात अडखळला. ऐकवेना. मीच शुद्ध करून सांगितला. न्यायाधीशांनी विचारले, पत्र आपलेच ना? श्लोक न पाहता म्हणून दाखवल्यावर नाही कसे म्हणणार!

दोन विनायकांचा मुद्दा काढला. साहेबांनी माझ्या मुलाचे नाव विचारले. सांगितले. वडिलांचे विचारले. तेही सांगितले. पुढे काही विचारले नाही.

बाहेर यशवंतराव म्हणाले, शास्त्रीजी, आपको तो आपने ही हराया.

धार, शुक्रवार, ता. २४

पाठशाळेत गेलो. माझ्या जागी नवा माणूस आहे. बालवर्गाला शब्दरूपे घोकवायला कोणी हवे आहे म्हणतात. अर्धा पगार. सोमवारपासून येतो म्हटले.

हिला सगळे सांगितले; पत्र, राजीनामा, बालवर्ग. हिने कोपऱ्यातली घागर उचलली. दारात थांबून एवढेच विचारले, की नालछ्याचे ते बाफले होते तरी कसे?

आठवून पाहिले. कच्चे होते.