खड्ड्यात लागणारा दिवा

१२ नोव्हेंबर

दादा,

नमस्कार. इकडे सगळे ठीक, म्हणजे पत्रात लिहितात तेवढे ठीक. फोनवर तू "बरं, बरं" म्हणून ठेवून देतोस, म्हणून हा कागद. आईचे गुडघे दुखतात, ती ऐकत नाही. बाबा कुणाचंच ऐकत नाहीत, हे तुला मी काय सांगायचं!

मुख्य बातमी आपल्या म्हाताऱ्या पिकअपची. डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा लपंडाव खेळतोय. खड्डा आला की लागतो, सपाट रस्त्यावर विझतो. बाबांनी आधी त्याच्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, "झाला दुरुस्त." दारं-कपाटं पोचवायला मी सोबत जाते, तेव्हा ती पट्टी मी काढली. घरी येईपर्यंत माझ्याशी अबोला.

शेवटी मेकॅनिककाकांकडे नेली. त्यांनी ब्रेकचं तेल पाहिलं, पुरेसं होतं. वायरी हलवून पाहिल्या, दिव्याचा स्विचसुद्धा बदलला. मग स्वतः एक चक्कर मारून आले, दिवा लागला नाही. मी चालवली, तरी नाही. बाबा बसले आणि पहिल्याच खड्ड्यात लागला.

"माझ्यावरच खार खाऊन आहे," बाबा म्हणाले. आम्ही सगळे हसलो.

काकांनी मागच्या चाकाला हात लावला आणि झटकन काढला. इतकं तापलं होतं. "हँडब्रेक पूर्ण सुटत नाहीये."

"सोडतो की मी!"

"सोडून दाखवा बरं."

दादा, टोकाचं बटण अंगठ्याने दाबायचं आणि दांडा खाली न्यायचा, एवढंच तर काम. बाबांचा अंगठा बटणावर होता, पण बटण नीट आत जाईना. दांडा शेवटच्या दातावर अडकून राहिला. खड्ड्यात तो हलायचा आणि दिवा लागायचा, कारण हँडब्रेकचाही दिवा तोच. गाडीत काही बिघाड नव्हताच.

बाबांनी दुसरा हात आणून बटण दाबलं आणि म्हणाले, "चला, उशीर होतोय."

हल्ली रंधा ते माझ्याच हातात देतात, "शीक जरा" म्हणून. मी बापडी फुशारून गेले होते, अखेर मलाही कारागीर मानलं म्हणून. आता कळतंय का ते. परवा आणलेली नवी पटाशी तर त्यांनी कागदातून बाहेरही काढलेली नाही.

"थंडीने हात आखडलाय," म्हणतात. थंडी कुठली, मी अजून पंखा लावून झोपते! मला भीती वाटते, दादा. हे नक्की काय आहे ते डॉक्टरच सांगतील, पण तिथवर यांना नेणार कोण? गाडीची किल्ली मागितली की माझ्या अंगावर येतात, आणि परत स्वतःच चालवायला बसतात.

"माझ्या यंत्राला हात लावायचा नाही," असं ते तुला म्हणाले आणि तू घर सोडलंस. चूक कुणाची, यात मी पडत नाही. पण काल जेवताना मान खाली घालूनच त्यांनी विचारलं, "त्याला करवतीचं यंत्र चालवायचं आठवत असेल का गं अजून?" आई ताटावरून उठली. मग लगेच मला म्हणाले, "त्याला लिहू नकोस हां."

डॉक्टरांची सोमवारची वेळ मी घेऊन ठेवली आहे, बाबांना न सांगता. रविवारी ये. तू किल्ली मागितलीस तर आरडाओरडा करतील, पण देतील. भांडायचं असेल तर भांड. फक्त आधी त्यांना शेजारी बसव आणि गाडी तू चालव.

वाट बघणारी,
तुझी धाकटी