प्रणालीचा फोन जोडला की सर्व्हर पडते

सोम., ८ सप्टें.
कॉलेजचं वाय-फाय पुन्हा बसलं. लॉगिन तपासणारा सर्व्हरच बंद पडते, मग कोणालेच आत जाता येत नाही. ऑनलाइन परीक्षा अर्धवट. पोरं ओरडून राह्यली, प्राचार्य माझ्यावर; सर्व्हर मीच सांभाळते ना. सुरू केला, पुन्हा पडला. नोंदीत दर वेळी शेवटचं नाव एकच: प्रणाली, सेकंड इयर, राळेगावची. प्राचार्य सरांनी विचारलं, नाव सांगून टाकलं.

मंगळ., ९
सरांनी प्रणालीले केबिनमध्ये बोलावलं.
"सर्व्हर कशाला पाडतेस?"
"सर, मी फक्त पासवर्ड टाकतो."
फोन माझ्याकडे जमा. शुक्रवारी शिस्त समितीची बैठक, प्रणालीले कॉलेजातून काढायची भाषा. बाहेर मले म्हणे, "मॅडम, फोन मामाचा जुना हाये. मी त्यात काईच नाई केलं. माह्यं नाव तुमीच देलं ना?"
हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

बुध., १०
अम्मी म्हणे, खाना तो खा ले. ताट तसंच, शोधणं सुरू. सॉफ्टवेअरवाल्यांच्या साइटवर सापडलं शेवटी. सर्व्हरच्या आपल्याच जुन्या आवृत्तीत भोक. लॉगिनची विनंती वेडीवाकडी आली की ती नाकारायचं सोडून सर्व्हर स्वतःच कोसळते. पासवर्ड पाहायच्याही आधी! म्हणजे कोणीही पाडू शकते, मुद्दाम नाही तर नकळत. दुरुस्त आवृत्ती केव्हाची आलेली. उन्हाळ्यात परवानगी मागितली होती मी. सर म्हणे, "चालतंय ना? मग चालू द्या."

गुरु., ११
जुन्या मशीनवर तीच आवृत्ती टाकली, प्रणालीचा फोन जोडला. पडलं. नवी टाकली. विनंती नाकारली, मशीन उभं! धावत सरांकडे.
"म्हणजे फोन तिचाच ना?"
"हो सर, पण..."
"मग झालं."
फोन बिघडलेला की बिघडवलेला, हे मलेही सांगता येत नाही. तरी पण. सर्व्हर असा उघडा ठेवायचा?

शुक्र., १२
सकाळी कोणालेच न विचारता नवी आवृत्ती चढवली. सगळ्यांचं लॉगिन सुरळीत. समितीत सगळं सांगितलं. सर मधेच, "मॅडम, सर्व्हर कोणाच्या परवानगीनं बदलला?"
"कोणाच्याच नाही."
 मग मलेही बाहेर थांबायले सांगितलं. बाकावर प्रणाली होती, थोडी सरकली, जागा केली. आत आवाज चढले, शब्द कळेनात.
शिपाई येऊन सांगून गेला: दोघींचाही निर्णय सोमवारी.