पांढऱ्या पट्टीच्या आतून

२० नोव्हेंबर, गुरुवार

पाचला शाळा सुटली. फाटकापाशी उभा राहून शिट्टी मारली आणि वस्तीवरच्या तेवीस पोरी सायकलींवर लावून दिल्या. एकामागं एक, पांढऱ्या पट्टीच्या आतून, हायवेच्या याच कडेनं. म्हणजे वाहनांच्या उलट दिशेनं. जूनमध्ये परिपाठाला मीच हा नियम घालून दिला. शाळा आणि वस्ती रस्त्याच्या एकाच अंगाला. कायद्यानं घरी जायचं तर दुभाजक दोनदा ओलांडायचा, आणि तोही नेमका कंपन्यांच्या बसा सुटतात त्या वेळेला. त्यापेक्षा समोरून येणारं दिसतं तरी. रस्त्यानं चालावं ते वाहनाकडे तोंड करून, हे अठ्ठावीस वर्षं खेळाच्या तासाला शिकवतोय. सायकलीला वेगळं काय?

भुयारी मार्गासाठी सहावा अर्ज केला होता, त्याचं उत्तर आलं. "पाहणी करण्यात येईल." पाहणी करणारे साहेब काच खाली करत नाहीत. उंटावरून शेळ्या हाकतात लेकाचे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

प्रांजल. दहावी ब. पेट्रोल पंपाच्या तोंडाशी.

पाच वाजून दहा मिनिटं. पोरी ओरडत मागं आल्या, मी पळालो. कांद्याची पिकअप पंपातून बाहेर पडत होती, ही समोर आली. सायकल चाकाखाली. पाय

नंतर लिहितो.

(रात्री) शिरूरला पट्टी बांधून पुण्याला हलवलं. वडील नवनाथ कोथिंबीर काढता काढता आला होता, पायाला चिखल तसाच. पिकअपवाला पंचविशीचा, कठड्यावर बसून रडत होता. "सर, म्या उजवीकडंच बघत हुतो. गाड्या तिकडनंच येत्यात ना हो." लोकांनी त्याला दोन लावल्या. मीही एक लावली.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

ऑपरेशन पाच तास चाललं. पाय राहील म्हणाले. गुडघा वाकेल का, ते आत्ता सांगता येत नाही.

शाळेत नेहमीसारखी कवायत घेतली. आकडे म्हणता म्हणता मध्येच विसरलो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पुण्याला गेलो. दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आलेले. माणूस वाईट नाही, पण घाईत. "पंचनाम्यात मुलगी राँग साइडनं होती असं आलंय. पोरी, तिकडनं जायला कुणी सांगितलं होतं का?"

प्रांजल छताकडे बघत होती. "न्हाई. मला लवकर घरी जायचं हुतं. मीच गेले."

मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो, हातात शहाळं. नवनाथ दाराशी. हवालदारानं लिहून घेतलं, तिचा अंगठा नको सही घ्या म्हणालो. एवढंच बोललो. तेवीस पोरींना शिट्टी मारून मी त्या वाटेनं लावत होतो, हे काही तोंडातून निघालं नाही. लिहितानासुद्धा लाज वाटते.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

शाळा सुटल्यावर पंपाच्या तोंडाशी जाऊन उभा राहिलो. बाहेर निघणाऱ्या गाड्या बघत होतो. चाळीस गाड्या झाल्या. प्रत्येकाची मान उजवीकडे, कारण गाड्या उजवीकडूनच येतात. डावीकडे एकानंच बघितलं, तोही गुटखा थुंकायला.

पोरींना समोरचं दिसतं हे खरं. पण पोरी कुणाला दिसत नाहीत. हा विचार मला जूनमध्ये का सुचला नाही? चालणारा माणूस थांबतो, मागं सरतो. उतारावरची सायकल कशी सरेल? साधी गोष्ट. अठ्ठावीस वर्षं मान उजवीकडे, मान डावीकडे करून घेतोय सगळ्या शाळेकडून आणि स्वतःची अक्कल मात्र गहाण.

त्या पिकअपवाल्याला मी उगाच मारलं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

मु.अ. मॅडमना सांगितलं, मला जबाब द्यायचा आहे. त्यांनी आधी दार लोटलं. "लेखी सूचना काढली होती का? नाही ना? मग झालं तर. परिपाठात आपण काय काय बोलतो, सर."

संध्याकाळी आबा घरी आले. ग्रामपंचायतीत जन्म गेलेला माणूस, माझ्या सहाही अर्जांवर त्यांची सही. चहा बशीत ओतून म्हणाले, "सर, आत्ता कुठं त्या साहेबाची मान वाकलीया. सोमवारी माणसं मोजमापाला येणार हायेत. तुम्ही म्हणणार, शाळेनंच उलटं जायला सांगितलं. मंग भुयारी मार्ग गेला ढगात. एका पोरीच्या नावापायी बावीस जणींचा जीव घालवता का?"

खरं सांगायचं तर ऐकून बरंच वाटलं. गप्प बसायला इतकं चांगलं कारण पुन्हा कोण आणून देणार?

१ डिसेंबर, सोमवार

अपघातानंतर आज पहिल्यांदाच वस्तीवरून सायकली आल्या, आठच. बाकीच्या पोरी घरी. चहाच्या टपरीवर ऐकलं, "पोरगीच उलटी घुसली म्हनं. पोरींना सायकली दिल्या की असंच व्हतंय." बोलणाऱ्याची स्वतःची मुलगी नववीत. तिचं नाव शाळेतून काढणार म्हणे. ज्यानं ऐकलं त्यानं मान डोलवली. मी पैसे ठेवून निघालो, भांडलो नाही. एरवी टपरी डोक्यावर घेतली असती.

पाचला आठ जणी फाटकात थांबल्या. "सर, आता कुठनं जायचं?" एकीनंही टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. सांगेन ते ऐकायला उभ्या होत्या. सायकली हातात धरायला लावून मी वस्तीपर्यंत चालत गेलो. दीड तास मोडला. रोज कसं जमणार?

मोजमापाला कुणी आलं नाही.

२ डिसेंबर, मंगळवार

घरी मंदाला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही. "पेन्शनला दीड वर्ष राहिलंय, असं मी म्हणणार नाही," म्हणाली. "पण मनात तेच पहिलं आलं. आलं ते सांगितलं." मग भाकरी उलटून, "ती पोरगी तुम्हाला वाचवतीय, आणि तुम्ही वाचवून घेताय."



४ डिसेंबर, गुरुवार

नवनाथच्या वावरात गेलो. मेथी उपटत होता. बांधावर उभं राहूनच सांगितलं, पोरींना त्या कडेनं जायला मी सांगितलं होतं. चूक माझी आहे.

त्यानं जुडी बांधून पूर्ण केली. "मला ठावं हाय, सर. जूनलाच पोरगी घरी बोलली हुती. म्या बी म्हनलो, सर म्हनत्यात तर बराबरच आसंल. मला बी ते पटलं हुतं."

म्हटलं, मग दवाखान्यात बोलला का नाहीस?

"तुम्ही बोलंना, मंग मी कसा बोलू? तुम्हाला बघून म्या गप बसलो." खाली बघून पुढं म्हणाला, "भावकी म्हनती, पोरीनंच पाय घालवून घेतला. तिची आजी बी तेच म्हनती. तिच्या कानावर जातंय समदं."

त्यानं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानं मेथीची जुडी दिली, घ्यावी लागली.

५ डिसेंबर, शुक्रवार

चौकीत जाऊन जबाब दिला. दोन पानं, माझ्या अक्षरात. जूनपासून रोज शिट्टी मारून कुणी लावलं, कुठून लावलं, सगळं. हवालदारानं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "सर, त्या दिवशी माझ्यासमोर उभं होता की. तवाच बोलायचं. आता पोरीचा जबाब परत घ्यावा लागंल. तिनं खोटं सांगितलं असं व्हतंय ना कागदावर."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिच्यावरचा एक डाग पुसायला गेलो आणि दुसरा लावून आलो.

मु.अ. मॅडमचे तीन फोन. आबांचा एक, मी उचलला. "बरं न्हाई केलं," एवढंच म्हणाले.

६ डिसेंबर, शनिवार

पुण्याला. प्रांजल उशाला टेकून बसली होती. पाय दोन सळ्यांमध्ये. गणिताचं पुस्तक उघडं. मी सांगितलं, जबाब दिला, आता तुला कुणी काही म्हणणार नाही. वाटलं होतं तिला हलकं वाटेल. मला हलकं वाटायला हवं होतं, हे खरं.

ती पानाची कड दुमडत होती.

"म्हंजी मी खोटं बोलले, असं लिहिलं तुम्ही?"

तसं नाही गं, म्हणालो. चूक माझी, असं लिहिलं.

"एकच झालं की." रडत नव्हती. उदाहरण समजून घेताना विचारावं तसं विचारत होती. "सर, हवालदार विचारत हुते तवा मी वाट बघितली. वर बघत हुते, पण वाट बघत हुते. तुम्ही तिथंच हुता ना?"

हो म्हणालो.

नवनाथ औषधं घेऊन आला. मी उठलो. हवालदार सोमवारी पुन्हा येणार आहेत, तिला विचारायला. ती काय सांगणार आहे, ते मी विचारलं नाही. सोमवारी मी तिथं जाऊ का, तेही विचारायचं राहिलं.